क्लचचा पाय

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात आखडूनच देतेय. परवा तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास, आणि वर ह्यांच्याकडे निरोप ठेवलास, की ताई फोनवर ओरडते, तिला म्हणावं लिहून कळव. घे, लिहून कळवते. कागदावर ओरडलं तर निदान तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

गुडघा बदलून तिसरा आठवडा चालू आहे. डॉक्टर म्हणतात छान. त्यांचं काय जातं छान म्हणायला. पाय माझा आहे, आणि तो पाय नाही, लाकडाचा ओंडका आहे. पोटरीपासून मांडीपर्यंत सूज. कुशीवर वळायचं तर आधी स्वतःची मनधरणी करावी लागते. भेटायला येणारा प्रत्येकजण खुर्चीत नीट टेकायच्या आधी कुणाच्या तरी फसलेल्या ऑपरेशनची गोष्ट सुरू करतो. काल वरच्या मजल्यावरच्या बाई येऊन म्हणाल्या, आता काय, आयुष्यभर राबलात, आता बसून खायचं. वॉकर हाताशी होता. उचलता आला असता तर फेकून मारला असता.

रोज सकाळी फिजिओबाई येतात. दिसायला चिमणी, पण हात लोहाराचे. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा गादीत दाबायला लावतात. मग टाच ओढत ओढत पाय वाकवायचा. जिथे पाय थांबतो तिथून पुढचं काम त्या स्वतः करतात. मी ओरडते. त्या विचारतात, दुखतंय का. मी हो म्हटलं की म्हणतात, छान. ह्या लोकांच्या शाळेत दुसरा शब्दच शिकवत नाहीत बहुतेक. नंतर कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं काहीतरी लावून माप घेतात. अजून काटकोनसुद्धा होत नाही. असाच अडून राहिला तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल म्हणे.

तू म्हणशील, हळूहळू होईल. हळूहळू होऊन चालणार नाही. डावा पाय आहे. बसमध्ये डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. आमच्या जुन्या गाड्यांचा क्लच म्हणजे दगड असतो, आणि शहरात दर थांब्याला, दर सिग्नलला तो दाबायचा. मे महिन्यात मला गाडीवर परत जायचं आहे. डेपोच्या साहेबांना मी तसं सांगूनच रजेवर आले.

तुझे भाऊजी सगळं करतात. मोजे घालतात, बर्फ लावतात, न्हाणीघरात स्टूल ठेवून दाराबाहेर उभे राहतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की कुणी मला विचारलं कशी आहेस, तर उत्तर हेच देतात. मी तिथेच बसलेली असते, तोंडाचं ऑपरेशन झालेलं नसतं, तरी हेच म्हणतात, "बरी आहे ती."

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून नाही, पत्रातून.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं भांडता येतंय म्हणजे तब्येत सुधारतेय. मलाही तसंच वाटलं. राग धरू नकोस. फोन मी ठेवला नव्हता, दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. एका म्हाताऱ्यांचा चष्मा तिसऱ्यांदा परत आला आहे. त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, पण जे दिसतं ते आवडत नाही, त्याला मी काय करू.

थोडं सविस्तर लिही ना. भुलेतून जागी झालीस तेव्हा नेमकं कसं वाटलं? टाके किती दिवस ओढतात? ते कमोडवर बसणं-उठणं पहिल्यापासून जमतं का? सहज विचारतोय.

भाऊजींबद्दल असं लिहू नकोस गं. एवढी सेवा कोण करतं. शिवाय त्यांनी डेपोत जाऊन तुझं पुढचंही बघून ठेवलं, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पास काढून द्यायची खिडकी म्हणजे वर पंखा, खाली खुर्ची, ऊन नाही, धूर नाही, कुणाची शिवी नाही. तुझ्यासाठी ती जागा राखून ठेवली हे ऐकून मला खरंच हलकं वाटलं. मे महिन्यात गाडीवर जाणार असं तू लिहिलंस ते रागाच्या भरात असेल, असं मी धरून चाललोय. आता हट्ट सोड. वीस वर्षांच्या वर शहर फिरवलंस, पुरे झालं.

पायाला जप.

तुझा,
बारक्या


१६ फेब्रुवारी

बारक्या,

कुठली खिडकी?

हे आत्ता बाहेरच्या खोलीत बसले आहेत. मी अजून त्यांना काही विचारलेलं नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय विचारणारही नाही, कारण अर्धवट माहितीवर भांडायला मला आवडत नाही. तुला जे जे ठाऊक आहे ते सगळं लिही. गोड करून लिहू नकोस.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

मला वाटलं तुला माहीत आहे. देवाशपथ, मला वाटलं भाऊजींनी एव्हाना सांगितलं असेल. तुझं चार ओळींचं पत्र दुकानातच तीनदा वाचलं.

सगळं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. ऑपरेशनच्या आधी भाऊजींचा मला फोन आला होता. तुझ्या कंडक्टरने, तो सुट्टे, त्याने त्यांना चढावरची गोष्ट सांगितली होती. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर तुझा गुडघा अडकला, क्लच दाबला गेला नाही, गाडी बंद पडून मागे सरकली, आणि तू हँडब्रेक ओढून धरलास. गाडीत माणसं उभी होती, मागे एक रिकामी शाळेची गाडी होती. हे तू घरी कुणालाच सांगितलं नव्हतंस. मलाही नाही. भाऊजी फोनवर रडले, ताई. आपल्या लग्नकार्यातसुद्धा ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, ते.

त्यानंतर तू दवाखान्यात असताना ते डेपोत गेले. साहेबांना म्हणाले, गाडी नको अशी तिचीच इच्छा आहे, पण स्वतःच्या तोंडाने सांगायला तिला कमीपणा वाटतो, तेव्हा तुम्हीच तिला खिडकी द्या. साहेब लगेच हो म्हणाले.

तुला आधी सांगू नका, हे मी त्या फोनवरच सुचवलं. म्हटलं, एकदा ठरून गेलं की ती चार दिवस आदळआपट करेल आणि गप्प होईल. तुझ्या भल्यासाठीच होतं. आता हवं ते बोल. पण भाऊजींवर फार तुटून पडू नकोस, त्यांचं वय झालंय.

बारक्या


२८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद या वेळी नाहीत. उरलेत तेवढे मला लागणार आहेत.

चार दिवस आदळआपट करेल आणि गप्प होईल. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तुला सायकल मी शिकवली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला तू घाबरून जिन्यात बसलास तेव्हा तुझं मनगट धरून वर मी नेलं. आणि मी किती दिवस आदळआपट करेन याचा हिशोब तू फोनवर करतोस, माझ्याच नवऱ्याशी, मी कापून घ्यायला टेबलावर चढायच्या आधी. भलं. तुमच्या ह्या भल्याला एकदा चांगला चष्मा करून दे तुझ्या दुकानातून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. निवृत्त झाले तरी छापखान्याची सवय गेलेली नाही, हातात पेन्सिल धरून दुसऱ्यांच्या चुका काढत बसतात. मी विचारलं, डेपोत कधी गेला होतात. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, बस, सांगतो. मी म्हटलं, बसलेलीच आहे, मला बसवायचंच तर सगळं चाललंय.

मग सांगितलं. काही लपवलं नाही, तेवढं कबूल करते. मी विचारलं, माझी इच्छा तुम्हाला कुठे सापडली, मी तर कुठे ठेवली नव्हती. तर म्हणतात, चढावरचं तू मला सांगितलं नाहीस. नाही सांगितलं. पण त्या चढावर पाय अडकला म्हणूनच मी ऑपरेशनला तयार झाले ना? नुसतं खिडकीतच बसायचं असतं तर जुन्या गुडघ्याने काय घोडं मारलं होतं? पासच्या खिडकीला क्लच असतो का? त्याच संध्याकाळी मी गाडी डेपोत लावली, स्वतःच्या तोंडाने वर्कशॉपला सांगितलं की मी उद्यापासून चालवणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. माझी जबाबदारी मला कळते. ती कळत नसती तर एवढी वर्षं एवढी माणसं घरी पोचली नसती.

ह्यांनी पेपरची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाले, "मी दिवसभर एकटा असतो घरात."

खरं सांगते, तेवढ्याने मी विरघळले असते. एरवी. पण मग मला वाटलं, हे वाक्य ह्या माणसाने मला कधी म्हणजे कधी म्हटलं नाही. साहेबांकडे गेले, तुझ्याकडे रडले, पण चार हातांवर बसलेल्या बायकोला म्हणायला जीभ उचलली नाही. एकटं वाटतं तर तसं सांगावं. मी रजा टाकली असती, पाळी बदलून घेतली असती, डोकं लावलं असतं दोघांनी मिळून. पण नाही. बायकोला विचारण्यापेक्षा बायकोच्या नावाने खोटं बोलणं सोपं वाटलं.

तेव्हापासून मी ह्यांच्याशी बोलत नाही. मोजे स्वतः घालते. अर्धा तास लागतो, लागू दे. बर्फ स्वतः लावते. रागाचा एक फायदा झाला, गुडघा काटकोन ओलांडून गेला. फिजिओबाईंनी पाय वाकवला आणि मी ओरडले नाही. त्यांनी चमकून वर बघितलं.

साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, बाई, आता वरपर्यंत कळवून झालंय, आधी चालायला तर लागा, मग बघू. मग बघू म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

उत्तर पाठवायची घाई करू नकोस.

ताई


१५ मार्च

बारकेराव यांस,

मी पत्र लिहीत नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात आयुष्य गेलं. तरी लिहितो आहे, कारण तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही आणि तुमचंही पत्र आलेलं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला मी आंघोळीला गेलो असताना ती काठी घेऊन एकटीच जिना उतरायला निघाली. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, असं फिजिओबाईंनी तिला शिकवलेलं आहे. ते तिच्या लक्षात होतं. पण घाई होती, म्हणजे मी बाहेर यायच्या आत परत यायचं होतं. शेवटच्या पायऱ्यांवर काठी निसटली आणि ती खाली बसली, म्हणजे पडली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी उचललं. माझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्या बिचाऱ्या दोन दिवस माझी नजर चुकवत होत्या, मग राहवलं नाही.

एक्स-रे काढला. आतलं सगळं जागेवर आहे. पण गुडघा एवढा सुजला की आठवडाभर वाकवणं बंद ठेवावं लागलं, आणि मिळवलेलं बरंच गेलं. फिजिओबाई तिला माझ्यासमोरच म्हणाल्या, राग डोक्यात असू द्या, गुडघ्यात उतरू देऊ नका, तिथे उतरला की त्याची सूज होते. तिने ते ऐकून घेतलं. मी तेच म्हटलं असतं तर काठी माझ्या डोक्यात बसली असती.

तुम्हाला वाटत असेल मी पस्तावलो आहे. मी जे बोललो ते चुकीचं होतं, यात मला शंका नाही. तिच्या नावाने बोलायला नको होतं. पण मीही रागावलो आहे, बारकेराव. इतकी वर्षं संध्याकाळ झाली की मी खिडकीत जाऊन उभा राहतो. पाऊस असला, संप असला, रस्त्यावर दगडफेक असली, तरी ही गाडी घेऊन बाहेर. घरी आली की म्हणणार, काही विशेष नाही. चढावर जीव जाता जाता राहिला त्या दिवशीही घरी येऊन म्हणाली, काही विशेष नाही. मला ते तिच्या कंडक्टरकडून कळावं? पण या घरात रागाची जागा आधीच भरलेली आहे, म्हणून मी माझा राग गॅलरीत उभा राहून करतो.

काल मी पुन्हा डेपोत गेलो होतो. कशासाठी, ते लिहीत नाही. तिला सांगू नका.

तिला दोन शब्द लिहा. तुमचं ती ऐकत नाही, पण वाचते.

आपला,
मेहुणा


२१ मार्च

ताई,

मी एरवी तुझ्यापुढे तोंड उघडत नाही. लहानपणापासून नाही. पण आज उघडतो, आणि तू मला घरातून हाकलून देऊ शकत नाहीस, कारण मी माझ्या घरात बसून लिहितोय.

तू जिन्यावरून पडलीस आणि एका परक्या बाईला खोटं बोलायला लावलंस. भाऊजींनी तुझ्यापासून लपवलं म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. मग तू काय केलंस? चढावरचं लपवलंस, जिन्यावरचं लपवलंस. लपवायचा हक्क फक्त तुझा, आणि बाकीच्यांनी मात्र सगळं तुझ्या समोर आणून मांडायचं, असं कुठे लिहिलंय? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? तुझा बाप तोच माझा बाप, त्याच्या नावावर काय काय होतं ते मला पक्कं माहीत आहे, त्यात रस्ता नव्हता.

आम्ही चुकलो. मी जास्त चुकलो. सांगू नका हे मी सुचवलं, ती अक्कल माझीच. पण तू जी पत्रं लिहितेस त्यात आम्ही दोघे जणू तुझे वैरी. चढावरचं ऐकल्यावर मला काय झालं असेल, याचा विचार एकदा तरी केलास का? मला दुसरी बहीण नाही. गुडघा दुसरा मिळतो.

आणि एक सांगतो. हट्टाने गुडघे सुधारत असते तर आपल्या घराण्यात एकही काठी दिसली नसती. आईचे आखडले, काकांचे आखडले, तुझा एक गेला. सकाळी पलंगावरून उतरताना आधी दोन मिनिटं कडेला बसून राहायचं, मग भिंत धरायची, मग पहिली चार पावलं दात आवळून टाकायची, हे काय असतं ते मला कळत नाही असं समजू नकोस.

फिजिओबाई सांगतात तेवढंच कर. एक पायरी जास्त नाही.

भाऊजींशी बोल किंवा बोलू नकोस, तुझं तू बघ.

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

पत्र दोनदा फाडायला घेतलं. दुसऱ्या वेळी फाडता फाडता शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि थांबले.

भिंत कोण धरतं रे? आई जाऊन किती वर्षं झाली, काका त्याआधी गेले. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं कोण बसतं? आणि तुझं ते फेब्रुवारीतलं पत्र काढून बघितलं. भुलेतून उठताना कसं वाटतं, टाके किती दिवस ओढतात, कमोडवर कसं बसायचं. सहज विचारतोय म्हणे. चष्मे विकणाऱ्या धडधाकट माणसाला असले प्रश्न सहज पडत नाहीत. तुला डॉक्टरने काय सांगितलंय ते लिही. आणि तुझ्या बायकोला हे माहीत आहे का तेही लिही, कारण ती मला परवा फोनवर म्हणाली की ह्यांची कंबर धरलीय. कंबर तर कंबर.

म्हणजे मी टेबलावर चढले ती तुमची चाचणी म्हणून, असं ना? ताई उठली तर आपण झोपायचं. आणि ताई उठायच्या आतच तिला खिडकीत बसवून टाकलंत. धन्य आहे.

जिन्याबद्दल तू म्हणालास ते बरोबर आहे. शिंपीणबाईंची मी माफी मागितली. त्या चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, मला खोटं बोलता येत नाही हे मलाही आत्ताच कळलं. पण लपवणं आणि दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं यात फरक आहे. मी माझ्याबद्दल गप्प बसले. तुम्ही माझ्याबद्दल बोललात. हा फरक तुझ्या डोक्यात उतरेपर्यंत मी तुझ्यावर रागावलेली राहणार आहे.

सूज उतरली. पुन्हा खालपासून सुरुवात केली. फिजिओबाई आता पायरीवर चढ-उतर करून घेतात, भिंतीला पाठ लावून अर्धं बसायला लावतात. मांडी एवढी थरथरते की बघून हसू येतं. सुट्टे येऊन गेला. घाबरत घाबरत आला, चढावरचं आपण बोललो म्हणून. मी म्हटलं, बोललास ते बरं केलंस, पण आधी मला सांगून बोलायला हवं होतंस. दुसऱ्या दिवशी डेपोतून हवा भरायचा पायाचा पंप घेऊन आला. म्हणाला, क्लच नाही, पण त्याचा चुलतभाऊ आहे. मी खुर्चीत बसून रोज तो डाव्या पायाने दाबते. फिजिओबाईंनी आधी नाक मुरडलं, मग खुर्चीची उंची त्यांनीच ठरवून दिली.

ह्यांच्याशी कामापुरतं बोलते.

ताई


१० एप्रिल

ताई,

दोन्ही. उजवा जास्त. डॉक्टर दीड वर्षापासून सांगताहेत. बायकोला काल सांगितलं. ती तुझ्यासारखीच बोलली, फक्त समोरासमोर.

अजून काही ठरवलेलं नाही. तुझं बघून ठरवायचं होतं हे खरं आहे, आणि लिहिताना लाज वाटते हेही खरं आहे. एवढीच विनंती, माझ्या डॉक्टरला फोन करू नकोस. नंबर बायकोकडे आहे हे तुला माहीत आहे, म्हणून सांगतो.

फरक उतरला डोक्यात. उशिरा उतरला.

बारक्या


९ मे

बारक्या,

आशीर्वाद. आज हात सैल आहे.

मंगळवारी डेपोच्या डॉक्टरकडे तपासणी झाली. त्यांनी पाय सरळ करून बघितला, वाकवून बघितला, एका पायावर उभं केलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. आमच्या फिजिओबाईंपुढे हे काहीच नव्हतं. चालवायला हरकत नाही असं म्हणाले, पण अंतिम निर्णय गाडीवरच्या चाचणीचा.

मग साहेबांकडे गेले. भांडायची सगळी तयारी करून गेले होते. जिन्यात उभी राहून वाक्यं घोळवली होती. साहेबांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, बाई, तुमचा प्रश्न मार्चमध्येच मिटला. तुमचे मिस्टर येऊन गेले. हजेरीच्या वेळेला आले, सगळे ड्रायव्हर-कंडक्टर समोर असताना. म्हणाले, मी मागे खोटं बोललो, ती इच्छा माझ्या बायकोची नव्हती, माझी होती. तिला चालवता येतं की नाही ते तुमच्या डॉक्टरने आणि तुमच्या गाडीने ठरवावं, मी ठरवू नये.

तुला वाटेल माझे डोळे भरून आले. नाही आले. मला असा राग आला की काय सांगू. म्हणजे बिघडवलंही माझ्या पाठीमागे आणि दुरुस्तही माझ्या पाठीमागे. दोन महिने मी घरात बसून साहेबांशी भांडायचे डावपेच रचतेय, पंप दाबताना त्यांना शिव्या घालतेय, आणि समोर बसलेल्या माणसाला माहीत आहे की ह्यातलं आता काही लागणार नाही. साहेबांना बिचाऱ्यांना कळेना, चांगली बातमी सांगितली तर ह्या बाईचं तोंड असं का झालं.

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्कशॉपचे मुख्य शेजारी बसले. डेपोतली सगळ्यात जुनी गाडी दिली, मुद्दाम. आत वाळूची पोती भरलेली. आवारात फेऱ्या झाल्या, रस्त्यावर घेतली, थांबे घेतले. पाय चालत होता. दुखत होता, पण बोलावलं तिथे येत होता. मग ते म्हणाले, टाकीच्या चढावर घ्या.

बारक्या, तिथे मला भीती वाटली. हे तुला सांगते, कारण लपवायचं नाही असं आता ठरवलंय. अर्ध्या चढावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. हँडब्रेक. मागे एक टेम्पो येऊन चिकटला. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि पाय खाली धरून ठेवला. मांडी थरथरायला लागली. ते माझ्या गुडघ्याकडे बघत होते. मी म्हटलं, समोर बघा, गुडघा काय बघताय. हँडब्रेक सोडला, क्लच हळू हळू वर आणला. गाडी मागे सरकली नाही. चढली.

पास केलं त्यांनी. एक अट घातली, पहिले तीन महिने अर्धी पाळी आणि सपाट मार्ग. मी वाद घातला नाही. गुडघा त्या दिवशी एवढा सुजला होता की मला स्वतःलाच ती अट बरोबर वाटली.

तुझ्या गुडघ्याचं तू ठरव. करून घ्यायचं असेल तर मी येऊन राहीन, आणि तेव्हा तुझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक 'आई गं' मनापासून ऐकेन. नसेल करायचं तर नको करूस. तुझ्या डॉक्टरला मी फोन केलेला नाही. नंबर घेतला होता, खोटं कशाला बोलू.

आता ह्यांचं. चाचणी झाली त्या दिवशी घरी आले तर हे गॅलरीत उभे होते. मला बघून आत आले, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. घाबरले असावेत. मी बसले, पाय स्टुलावर घेतला आणि म्हणाले, "पास झाले. साहेबांनी सगळं सांगितलं. ऐका आता. यापुढे माझ्याबद्दल कुणाशीही बोलायचं असेल, वाईट असो नाहीतर चांगलं, आधी मला विचारायचं. आणि तुम्हाला एकटं वाटलं तर ते मला सांगायचं, साहेबांना नाही."

हे उभेच होते. म्हणाले, "वाटतं. रोज वाटतं."

मी म्हटलं, आता अर्धीच पाळी आहे, तीन महिने दुपारी घरी असेन. पुढचं दोघांनी बसून ठरवू. आणि चढावर मला भीती वाटली, हेही सांगितलं. हे फ्रिजकडे गेले. मग पायावर बर्फाची पिशवी ठेवायला वाकले, अर्ध्यात थांबले, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

राग अजून पुरता गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल, त्याला मी व्यायाम लावलेला नाही.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, चहा घेणार का. एरवी कधी विचारत नाहीत, कप आणून समोर ठेवतात. मला चहा हवा होता, चांगलाच हवा होता. पण मी नको म्हटलं.

आणि बारक्या, ह्यांनी केला नाही.

तुझी,
ताई